हळू ओढण्याचं गणित आणि काटोलची संत्री

माझ्या जावयाने मला फसवलं. काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्यात, भर दुपारी, माझी पाठ वळताच फसवलं. आमच्या बाजारात ही गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेने सांगितली जाते आणि प्रत्येक तऱ्हेत मूर्ख मीच ठरतो. म्हणून त्या प्रवासाची खरी हकीकत मी स्वतः लिहायला बसलो आहे. ज्यांनी नागपूर पाहिलेलं नाही त्यांना जाता जाता थोडी माहितीही मिळेल.

मी सांगलीचा फळांचा व्यापारी. हातगाडीवर केळी विकण्यापासून सुरुवात केली, आज बाजारात माझा स्वतःचा गाळा आहे. हातगाडीच्या दिवसांपासून एक नियम मी कधी मोडला नाही: माल सरसकट घ्यायचा नाही. सरसकट म्हणजे बागेतलं लहान, मोठं, डागी, वाकडं सगळं फळ एकत्र. विकणाऱ्याला तेच हवं असतं. मी निवडून घेतो. मोठं आणि गोल ते माझं, उरलेलं त्याचं. त्यासाठी मी ओरडतो, भांडतो आणि शेवटी उठून चालू लागतो. मी उठलो की मागून हाक येते. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी मारली आहे, देवगडच्या आंबेवाल्यांनी मारली आहे. निघण्याआधी मी सगळ्या गाळेवाल्यांना सांगून ठेवलं होतं की नागपुरी संत्रं मी निवडून आणणार, आणि बघायला या.

माझे जावई प्रकाशराव कॉलेजात गणित शिकवतात. नागपूरला एका परिषदेत त्यांना निबंध वाचायचा होता. माझी मुलगी सुनंदा म्हणाली, "बाबा, तुम्ही चाललाच आहात तर यांनाही घेऊन जा. हे मिरजेला जायला निघतात आणि कोल्हापूरला उतरतात."

इथे एक अडचण सांगून ठेवतो. मी तापट माणूस आहे आणि ते मी लपवत नाही. पण आमच्या घरात जावयावर आवाज चढवत नाहीत. जावयाला अहो-जाहो, पहिलं ताट जावयाचं, चांगली गादी जावयाची. अशा माणसाबरोबर मी आठवडा काढला. जो राग त्यांच्यावर काढायचा तो मी हमाल, कंडक्टर आणि एका मच्छरदाणीवर काढला.

सीताबर्डी

नागपूरच्या स्टेशनाबाहेर सायकलरिक्षा उभ्या असतात. मी एका रिक्षावाल्याला लॉजचं नाव सांगितलं आणि भाडं विचारलं.

"बसा नं काका," तो म्हणाला.

"आधी ठरव."

"ठरवाचं का त्याच्यात? तुमाले वाटन ते द्या."

मी मुद्दाम अगदी कमी आकडा सांगितला. तो "बरं" म्हणाला. मी त्याहून कमी सांगितला. तो पुन्हा "बरं" म्हणाला आणि सीटवरची धूळ फडक्याने झटकू लागला. समोरचा माणूस भांडतच नाही म्हटल्यावर मला चमत्कारिक वाटू लागलं. जणू भिंतीला टेकायला गेलो आणि भिंत नाहीच. शेवटी माझा मीच आकडा वाढवला, दोनदा. प्रकाशराव बाजूला उभे राहून माझ्याकडे फार लक्ष देऊन पाहत होते. मला वाटलं, सासऱ्याचं चातुर्य पाहताहेत.

अधिवेशनाचे दिवस असल्यामुळे प्रत्येक लॉजमध्ये कोणत्या ना कोणत्या आमदाराचा पाहुणा मुक्कामाला होता. आम्हाला एकच खोली मिळाली आणि तीत एकच खाट. खाट अर्थातच जावईबापूंची. मी फरशीवर. डिसेंबरात नागपूरची फरशी काय चीज आहे हे सांगलीकराला सांगून कळायचं नाही. सकाळी माझा एक खांदा नदीतल्या दगडासारखा झाला होता. "मामा, झोप लागली ना?" जावईबापूंनी विचारलं. "उत्तम," मी म्हणालो आणि खाली जाऊन गरम पाणी आणणाऱ्यावर ओरडलो.

नाश्त्याला पोहे. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतात, इथे वरून हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. मी दोन बश्या खाल्ल्या. तिखटाच्या बाबतीत सांगलीच्या माणसाला कोणी शिकवू नये, असं मी त्या हॉटेलवाल्याला ऐकवलं. तो नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ मला संध्याकाळी सावजीच्या खानावळीत कळला. तिथल्या मटणाच्या रश्शाच्या दुसऱ्या घासाला माझे कान बंद झाले. खानावळीची मालकीणबाई म्हणाली, "हळू खा नं दादा, कोनी वढून राहिलं का तुमचं ताट?" प्रकाशरावांनी तो रस्सा भातात थोडा थोडा कालवून शांतपणे संपवला आणि आणखी मागितला.

परिषद

परिषदेला मी गेलो, कारण काटोलची गाडी दुसऱ्या दिवशी होती आणि फरशीवर एकट्याने बसून काय करणार? सभागृहात पंचवीस-तीस माणसं, बहुतेक चष्मेवाली. प्रकाशराव फळ्यापाशी गेले. त्यांनी एक वर्तुळ काढलं, त्याला खाली गळासारखे वाकडे, बारीक बारीक आकडे काढले आणि ही रक्तातली पांढरी पेशी आहे असं सांगितलं.

मला इंग्रजी फारसं येत नाही, पण पहिल्या रांगेतल्या एका भल्या माणसाने मला मराठीत समजावलं, शिवाय आगगाडीत जावईबापूंनी ते सगळं दोनदा सांगून ठेवलं होतं. जखम झाली की या पेशी तिकडे निघतात. रक्त तर जोरात वाहत असतं, मग त्या थांबतात कशा? तर नळीच्या भिंतीला अंगावरच्या आकड्यांनी धरतात. एकेक आकडा अगदी कमजोर. मागचे सुटतात, पुढचे लागतात आणि पेशी लोळत लोळत पुढे सरकते. एवढं मला ताबडतोब पटलं. गिऱ्हाईकही असंच धरतात.

मग खरी गोष्ट आली. आकडा किती जोर लावला की सुटतो? प्रकाशरावांचं म्हणणं असं की याला ठरावीक उत्तर नाही. ते ओढण्याच्या वेगावर आहे. एकदम हिसका दिला तर आकडा पुष्कळ जोर सोसतो. सावकाश ओढलं तर थोड्याशा जोरानेही सुटतो. कारण आकडा मुळात स्वस्थ बसलेला नसतोच, त्याची सारखी चुळबुळ चालू असते. त्याला वेळ दिला की एखाद्या चुळबुळीत तो आपला आपणच निसटतो. हे सगळं त्यांनी एका समीकरणात बसवलं होतं आणि समीकरण फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं होतं.

टाळ्या झाल्या. मग एक म्हातारे प्राध्यापक उभे राहिले. "आपण पेशी पाहिली आहे का?"

"कुठे, सर?"

"कुठेही. सूक्ष्मदर्शकाखाली."

"नाही, सर," प्रकाशराव म्हणाले. "मी गणित करतो."

"मग हे खरं आहे हे कसं कळणार? कुणी कधी एखादी गोष्ट झटक्याने आणि एखादी हळू ओढून पाहिली आहे का? प्रयोग कुठे आहे?"

सभागृह हसलं. खरं सांगायचं तर मलाही धक्का बसला होता. इतकी वर्षं हा माणूस पेशी पेशी करतो आणि त्याने माल पाहिलेलाच नाही! पण घरचा माणूस तो घरचा. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्याने विचारलं, "पाहुण्याला बोलावून असं विचारण्याची तुमच्याकडे पद्धत आहे का?"

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोणत्या विद्यापीठाचे?"

"सांगलीचा फळबाजार," मी म्हणालो.

यावर ते म्हातारे प्राध्यापकसुद्धा हसले. मी मात्र हसलो नाही. प्रकाशराव परत येताना रिक्षात बोटांवरचा खडू पुसत होते. "प्रयोग," ते एकदाच पुटपुटले. मी त्यांना संत्रा बर्फी घेऊन दिली. ते दुःख बर्फीने जाणारं नव्हतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

काटोल

काटोलची बस शेतकऱ्यांनी आणि रिकाम्या टोपल्यांनी भरलेली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बगीचे. आपल्याकडे उसाच्या शेतात शिरलं की आभाळ दिसत नाही, इथे झाडं बुटकी आणि गोल, प्रत्येक झाडावर केशरी दिवे लावल्यासारखी फळं. मी व्यापारी माणूस, मला फळ दिसलं की आधी डाग दिसतो. तरी मीसुद्धा खिडकीबाहेर तोंड काढून पाहत राहिलो आणि कंडक्टरने मला आत ओढलं.

बगीच्याचे मालक दौलतराव थांब्यावर आले होते. उंच, काळेसावळे, पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. घरासमोरच्या झाडाखाली त्यांनी बाजा टाकून ठेवल्या होत्या. त्यांच्या पत्नी शांताबाई पाणी घेऊन आल्या. मी पाणी प्यायलो आणि लगेच कामाला लागलो.

"दौलतराव, एक गोष्ट आधीच सांगतो. मी निवडून घेणार."

"निवडून?" दौलतराव म्हणाले. "आन् बाकीचं मी का गाईले घालू? आमच्या अथी बगीचा सरसकट जाते."

"तर मग आपलं जमायचं नाही."

"नाही तं नाही!" ते एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "दलाल लोक दारात उभे हायेत माझ्या!"

मला इतका आनंद झाला! नागपुरात आल्यापासून पहिल्यांदा कोणी तरी माझ्याशी नीट भांडत होतं. मी वर चढलो, ते वर चढले. मी त्यांच्या फळाला आंबट म्हणालो, ते माझ्या द्राक्षांना पाण्याचे फुगे म्हणाले. शांताबाईंनी आतून हाक मारली, "अवं बाई, काय झालं गा तिकडे?" मी इंचभर हललो नाही. निवडून म्हणजे निवडून. ते जितका हिसका देत होते तितका मी घट्ट. शेवटी दम घ्यायला म्हणून मी म्हणालो, "मी एकदा झाडं फिरून बघतो. तोवर विचार करा." आणि मी बगीच्यात गेलो. जावईबापू बाजेवरच बसून राहिले. त्यांना उन्हाचा त्रास होतो.

मी शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आलो. फळ चांगलं होतं, पण लहान पुष्कळ. परत आलो तेव्हा हवा बदललेली होती.

"या भाऊ," दौलतराव मऊ आवाजात म्हणाले. "बसा. चाय घ्या."

मी चहा घेतला. "मग? काय ठरलं? निवडून?"

"होईन नं. घाई काहून करून राहिले?"

मी वाट पाहिली. ते काही बोलेनात. एक संत्रं सोलून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मी खाल्लं. दुसरं सोललं.

"सरसकट मी घेत नाही," मी म्हणालो.

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हंजे बरं. तुमची मर्जी, भाऊ."

आता यावर माणसाने काय बोलावं? मी माझं ठेवणीतलं काम केलं. उठलो. "येतो मी."

मागून हाक आली नाही. दौलतराव स्वतःच उठले, माझी पिशवी त्यांनी उचलली आणि माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. शांताबाई मागून धावत आल्या. मला वाटलं, आता! पण त्यांच्या हातात माझ्या मुलीसाठी खण आणि नारळ होता. "पोरीले द्या जा. पहिल्यांदाच आले तुमी आमच्या घरी." मग म्हणाल्या, "जेवून गेले असते तं बरं झालं असतं. वडाभात केला व्हता. जावई तं बसले बी जेवाले."

मी वळून पाहिलं. जावईबापू खरोखरच ताटावर बसले होते. जावयाला अर्ध्या ताटावरून उठवणं आमच्यात अशक्य. मी परत आलो.

वडाभात म्हणजे मोकळा भात, त्यावर डाळींचे कुस्करलेले वडे आणि हिंगाची फोडणी. भात उत्तम होता. जेवणभर सौद्याचा शब्द नाही. जेवल्यावर बाजेवर उशी आली. पुन्हा चहा आला. दौलतराव शेजारी बसून समोरच्या बैलाकडे पाहत होते. मीही बैलाकडे पाहू लागलो. बैलही भांडेना.

"मध्यम फळसुद्धा घेईन म्हणा," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

"बरं."

थोड्या वेळाने मी म्हणालो, "डागी मात्र नाही."

"नका घेऊ."

"अगदी थोडा डाग असला तर एक वेळ चालेल."

"तुमाले वाटते तसं करा, भाऊ."

माझे पाय आपोआप हलू लागले होते. मी टोपी काढली, घातली. खिशातला रुमाल चार वेळा घडी केला. आयुष्यात मी शिव्या सोसल्या आहेत, धमक्या सोसल्या आहेत, पण असला निवांतपणा मला कोणी दिला नव्हता. दौलतराव नुसते पंख्याने माझ्यावर वारा घालत होते. डिसेंबरात!

"लहान फळाचं काय करता तुम्ही?" मी विचारलं.

"राहते इथीसाच, झाडाखाली."

"द्या तेही! सगळं द्या! सरसकट घेतो, पण देवाशप्पथ, काही तरी बोला!"

दौलतरावांनी पंखा खाली ठेवला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि आत ओरडले, "शांता, गूळ आण वं!" सौदा झाला. गूळ माझ्या तोंडात गेला तेव्हा मला उमगलं की मी काय करून बसलो आहे. आणि तोंड भरलेलं असतानाच दौलतराव प्रेमाने म्हणाले, "भाऊ, जावई लय हुशार भेटला तुमाले. त्यायनंच तं सांगतलं."

"काय सांगितलं?"

त्यांनी मला बाजेच्या पलीकडे नेलं. मातीत काटकीने काढलेलं एक वर्तुळ होतं. त्याला खाली बारीक आकडे. एका बाजूला जाड बाण, दुसऱ्या बाजूला बारीक लांब बाण. वर्तुळाच्या पोटात लिहिलं होतं: मामा.

"हिसका देल्ला तं घट्ट धरते," दौलतराव वर्गात पाठ म्हणतात तसे म्हणाले. "हळू वढलं तं चुळबुळ करून स्वताच सुटते. मी म्हटलं, म्हंजे सासऱ्याले वढाचं नाही, बसवाचं? तं ते म्हने, तसं समजा."

मी जावयांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, आनंद होता. परिषदेत आदल्या दिवशी ज्या माणसाला सगळे हसले होते, तो माणूस मातीतल्या वर्तुळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत होता.

"मामा," ते म्हणाले, "प्रयोग झाला."

मला जे बोलायचं होतं ते सगळं जिभेवर जमा झालं. त्यातला एकही शब्द जावयाला बोलण्यासारखा नव्हता. "आपलं अभिनंदन," मी म्हणालो. मग जवळच उभ्या असलेल्या त्या बैलावर मी असा ओरडलो की शांताबाईंच्या हातातून गुळाची वाटी पडली.

परत

बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसलो. मी शक्य तितक्या मृदू आवाजात विचारलं, "जावईबापू, उदाहरणाला दुसरं कोणी मिळालं नाही का?"

"मामा, त्यांनी आधी माझं काम विचारलं, मग पेशी कशी सुटते ते विचारलं. आकडा म्हणून त्यांना कळेना. तुमचं म्हणून सांगितल्यावर लगेच कळलं."

"पण मी असा सुटतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ते थोडे लाजले. "रिक्षावाल्यापाशी पाहिलं. आणि सुनंदा म्हणायची. आमच्या लग्नाच्या वेळी तिच्या आत्याने तुमच्याशी भांडण केलं तेव्हा तुम्ही महिनोन्‌महिने नाही म्हणालात. मग सुनंदाने भांडण बंद करायला लावलं. रोज नुसता चहा करून द्यायची आणि समोर बसायची."

मला ते दिवस आठवले. मला वाटलं होतं, पोरीने माझं ऐकलं. हा निर्णय मी माझ्या बुद्धीने घेतला, असं मी आजवर समजत होतो.

सांगलीला ट्रक आला. मी बोलावल्याप्रमाणे सगळे गाळेवाले बघायला आले होते. पेट्या उघडल्या. वरचं तणस काढलं. लिंबाएवढी संत्री, डागी संत्री, एक तर चक्क चौकोनी. कोणी मोठ्याने हसलं नाही. ते अधिक वाईट होतं. सगळी फळं लवकर संपली, लहान तर आधी संपली, रसवाल्यांनी उचलली. पण तो मुद्दा नाही.

मुद्दा असा. प्रकाशराव, हे मी आपल्याला तोंडावर विचारू शकत नाही, म्हणून छापून विचारतो. आपण आदराने वाचावं. आपला निबंध आता म्हणे पूर्ण झाला आहे आणि त्यात रोजच्या व्यवहारातलं एक उदाहरण घातलं आहे. घाला. नाव घातलंत तरी चालेल. पण मी तो निबंध आपल्याच विद्यार्थ्याकडून मराठीत वाचून घेतला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आकडा कसा सुटतो तेच आहे. हिसक्याने कसा, सावकाश कसा, एकटा कसा, चारचौघांत कसा. न सुटता धरून कसं राहायचं याबद्दल एक ओळ नाही. दौलतरावांचा पुढच्या बहाराचा निरोप आला आहे: "या भाऊ, बसा, चाय घेऊ." मला तिथे जायचं आहे आणि निवडून घ्यायचं आहे. घरात पहिलं ताट आपलं आहे, खाट आपली आहे, मुलगी आपल्याला दिलेली आहे. आता मला सांगा: समोरचा भांडत नसेल, ओढतही नसेल, नुसता शेजारी बसून वारा घालत असेल, तर माणसाने घट्ट धरायचं कसं? उत्तर द्या. आणि ते समीकरणात नको.